बी बाम, भुरी, भुंगे आणि हमिंगबर्ड: पेरेनियल (वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडांची) बाग करणाऱ्यांसाठी धागा

अंगणवेल | १६ मार्च, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. खूप दिवस नुसती वाचतेय, आज मुद्दाम धागा काढला कारण दुपारी मागच्या वाफ्यातला पालापाचोळा जरा बाजूला केला तर खाली बी बामचे (पुदिन्याच्या कुळातलं, उन्हाळ्यात फुलणारं इथलं फुलझाड) जांभळट-हिरवे बारके झुपके दिसले, नखाएवढी पानं, अजून जमिनीला चिकटूनच आहेत. एक पान चुरडून नाकाशी धरलं आणि तोच ओव्याचा वास. चार महिने बर्फ आणि चिखल बघितल्यावर तो वास आला की कसं वाटतं हे इथे थंडीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत, थंडीच्या नकाशावर झोन ७ए (आकडा जितका कमी तितकी थंडी जास्त). माती लालसर चिकणमाती, पावसात बुटाला चिकटते आणि ऑगस्टमध्ये वीट होते. घर घेतलं तेव्हा मागे सगळं लॉनच होतं. चार वर्षांपूर्वी कुंपणालगतची साधारण वीस बाय आठ फुटांची पट्टी पुठ्ठे अंथरून, वर कंपोस्ट आणि लाकडाचा चुरा टाकून लॉनमधून काढली आणि मधमाश्या-फुलपाखरांसाठी म्हणून बाग सुरू केली. पहिल्याच वर्षी एका मोठ्या दुकानातून लाल बी बामची तीन रोपं आणली, लेबलवर जात वगैरे काही नाही, नुसतं 'बी बाम, लाल'. जुलैत असं फुललं की शेजारचे थांबून विचारायचे. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी पानं तांदळाच्या पिठात घोळल्यासारखी पांढरी, खालची पानं करपून गळाली, वर नुसते दांडे. हीच ती भुरी, पानांवर पांढऱ्या पुडीसारखी येणारी बुरशी. मला खरंच रडू आलं होतं. दुकानातून एक फवारा आणला, घरी येऊन बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली तर मधमाश्यांना घातक. ज्यांच्यासाठी एवढं सगळं लावलं त्यांच्यावरच विष मारायचं? बाटली दुसऱ्या दिवशी परत केली आणि झाडं तशीच सोडली, म्हटलं मेली तर मेली.

मेली नाहीत. पुढच्या मार्चमध्ये तीनच्या जागी तीस फुटवे.

तेव्हापासून वाचत, विचारत, हात मळवत थोडंफार शिकले. आता माझ्याकडे तीन प्रकार आहेत, ती जुनी नाव नसलेली लाल, 'जेकब क्लाइन' नावाची लाल आणि फिकट जांभळी रानटी, जिला इथे वाइल्ड बर्गमॉट म्हणतात. तुमच्याकडे कुठले आहेत, भुरीचं काय करता, आणि बी बामच्या आगेमागे काय लावता म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर काही ना काही फुललेलं राहील, हे सगळं इथे लिहा. नवीन लोकांनी बिनधास्त विचारा.

ग्रँडरॅपिडकरीण | १६ मार्च, रात्री ११.०५

अगं किती छान धागा काढलास! मिशिगनमधून हजेरी. बी बाम हे माझं सगळ्यात लाडकं, आणि तुझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट म्हणजे डिट्टो माझी.

जातीबद्दल आधी लिहिते कारण सगळे तिथेच फसतात. लाल फुलांची ती मोनार्डा डिडिमा, हिला ओलावा लागतो, मूळची ती पूर्वेकडच्या डोंगरांतल्या ओढ्याकाठची. फिकट जांभळी ती मोनार्डा फिस्टुलोसा, ही मोकळ्या माळावरची, कोरड्यातही तग धरते आणि झोन ३ ची थंडी सोसते. लोक लाल आणतात, तापलेल्या कोरड्या जागी लावतात, मुळं कोरडी पडली की झाड बेजार होतं आणि भुरी तयारच असते. जागा चुकली की अर्धा खेळ तिथेच संपला. माझी लाल आहे ती डाउनस्पाउटच्या (छपराचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपच्या) जवळ, सकाळचं ऊन भरपूर आणि दुपारी तीननंतर मेपलची सावली. रानटी आहे ती समोर रस्त्याकडेला, जिथे मी कधी पाण्याचा पाइपसुद्धा नेत नाही.

डेलावेअरला माउंट क्यूबा सेंटर आहे, तिथे त्यांनी बऱ्याच मोनार्डा शेजारी शेजारी लावून काही वर्षं बघितल्या, भुरी किती येते आणि कोण कोण येऊन बसतं हे मोजून. हमिंगबर्डसाठी जेकब क्लाइन सरस निघाली, भुरीलाही बऱ्यापैकी पुरून उरते. फुलपाखरं आणि पतंगांसाठी फिस्टुलोसामधलीच 'क्लेअर ग्रेस' म्हणून आहे ती चांगली. जुनी 'केंब्रिज स्कार्लेट' दिसायला देखणी पण भुरीला लगेच बळी पडते, ती दमट भागात घेऊ नका असं मी स्पष्टच सांगेन.

निफाडकर | १७ मार्च, सकाळी ८.१८

ताई, तुमचं बी बाम मी कधी बघितलं नाही पण भुरी हा शब्द वाचला आणि थांबलो. आमचा द्राक्षबाग आहे, भुरीबरोबरच लहानाचा मोठा झालो म्हणा ना. दोनचार गोष्टी सांगतो, पीक वेगळं असलं तरी बुरशीचा स्वभाव सारखाच आहे.

एक म्हणजे लोकांना वाटतं पानं भिजली की भुरी येते. तसं नाहीये. डाऊनीला (केवडा म्हणतात त्या दुसऱ्या रोगाला) पान ओलं लागतं, भुरीला नाही. हवेत दमटपणा, दिवसा ऊब, रात्री गारवा, ढगाळ वातावरण आणि आत हवा खेळत नसेल तर कोरड्या पानावरसुद्धा झकास वाढते. म्हणून आमच्याकडे औषधाच्या आधी हात चालतात. छाटणीनंतर डोळे फुटले की फेलफुटी (घड न धरणारे फुटवे) काढतो, दाटी कमी करतो, पानांतून ऊन आतल्या घडापर्यंत गेलं पाहिजे. तुमच्या झाडाला जमिनीतून फुटवे येतात म्हणालात, तर ते वीतभर झाले की तिसरा हिस्सा सरळ जमिनीलगत कापून टाका, आणि कापायचे ते मधले कापा, कडेचे नाही. जीव तुटतो पण करा.

गंधक आम्ही वापरतो, जुना आणि खात्रीचा उपाय आहे, पण रोग येण्याआधी. एकदा पान पांढरं झालं की गंधक मारून ते हिरवं होत नाही. आणि तापमान बत्तीस-तेहतीसच्या वर असताना मारू नका, पान करपतं. घरच्या बागेत आंबट ताक पाण्यात पातळ करून फवारतात तेही बरेच लोक करतात, आमच्या आई भोपळ्याच्या वेलावर करायच्या.

अंगणवेल | १७ मार्च, रात्री १०.३०

निफाडकर दादा, तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्यांदा वाचून दाखवली! कडेचे ठेवून मधले कापायचे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, मी उलट कडेचे काढत होते कारण ते बाहेर पसरतात म्हणून. आता कळलं की आतला भाग दाट राहून तिथूनच पांढरं का व्हायचं.

आणि अजून एक, बी बामचा गड्डा दोन-तीन वर्षांत मधून मरायला लागतो, मध्ये टक्कल आणि भोवती कडं, तेव्हा वसंतात सगळा उपटून कडेचे ताजे तुकडे परत लावायचे, अठरा ते चोवीस इंच अंतर ठेवून, मधला जून भाग कंपोस्टला. मी मागच्या एप्रिलमध्ये केलं. मुळं अगदी वरवर, पुदिन्यासारखी आडवी धावतात, खुरप्यानेसुद्धा सहज निघतात, खोल खणायला लागत नाही. पुदिन्याच्या, तुळशीच्याच कुळातली आहे ना ती, दांडा दोन बोटांत धरून फिरवून बघा, चौकोनी लागतो, अगदी तुळशीसारखा.

सदाफुली_लेस्टर | १८ मार्च, पहाटे ४.५०

इंग्लंडहून. इथे नर्सरीत हिला नुसतं बर्गमॉट म्हणतात आणि त्यामुळे माझा मोठा गैरसमज झाला होता, मला वाटलं अर्ल ग्रे चहातला वास याचाच. तसं नाहीये, चहातला बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचं फळ आहे, त्याच्या सालीचं तेल. पानांचा वास थोडा तसा वाटला म्हणून हिला ते नाव पडलं. पण चहा हिचाही होतो बरं का.

मिनेसोटावासी | १८ मार्च, सकाळी ७.२२

चहावरून आठवलं. लाल मोनार्डाला जुनं नाव आहे ऑस्विगो टी. ऑस्विगो हे न्यूयॉर्क राज्यात लेक ऑन्टारिओच्या काठी, जॉन बार्ट्रम नावाचा फिलाडेल्फियाचा वनस्पती गोळा करणारा माणूस १७४३ मध्ये तिकडे गेला होता, आणि तिथले मूळ रहिवासी हिच्या पानांचा काढा घेत. पुढे १७७३ ला बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवल्यावर विलायती चहावर बहिष्कार पडला तेव्हा वसाहतीतल्या लोकांनी हा काढा चहा म्हणून प्यायला सुरुवात केली. मोनार्डा हे नाव मात्र सेव्हिलच्या एका डॉक्टरचं, निकोलास मोनार्देस, सोळाव्या शतकात अमेरिकेतून येणाऱ्या औषधी झाडांवर त्यांनी लिहिलं होतं. आमच्या भागातले ओजिब्वे, हो-चंक, मेनॉमिनी हे सगळे लोक रानटी मोनार्डा औषधात वापरत आलेत. आपल्याला ओव्याचा वास येतो तो उगाच नाही, दोन्हीत थायमॉल आहे. बी बाममधला 'बाम' पण खराच, माशी चावली की पान चुरडून लावत म्हणतात.

आता माझ्या आवडीचा विषय. आमच्याकडे एक भुंगा आहे, रस्टी पॅच्ड बंबलबी, म्हणजे मधमाशीच्याच नात्यातली केसाळ मोठी माशी, पाठीवर गंजाच्या रंगाचा ठिपका. २०१७ मध्ये तो अमेरिकेच्या धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला, अलास्का-हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेतली या यादीत गेलेली ती पहिली 'बी', म्हणजे मधमाशीच्या गोतातली माशी. एकेकाळी पूर्वेकडे सगळीकडे असायचा. २०१९ पासून तो आमच्या राज्याची अधिकृत 'बी' आहे, आणि त्याच वर्षी राज्याने 'लॉन्स टू लेग्यूम्स' सुरू केलं, लॉन काढून अशी झाडं लावायला मदत मिळते. या भुंग्याच्या आवडत्या फुलांत रानटी मोनार्डा अगदी वरच्या नंबरात आहे. मी सात वर्षं दर जुलैमध्ये सकाळी कॅमेरा घेऊन बसतो. दोनदा दिसला. दोन्ही वेळा मोनार्डावरच.

म्हणून एक विनंती, माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची. ऑक्टोबरमध्ये बाग 'साफ' करू नका. वाळलेले दांडे उभे राहू द्या, बोंडांतलं बी गोल्डफिंच खातात, आणि वसंतात कापताना अगदी जमिनीपासून न कापता फूट-दीड फूट खुंट ठेवा. बारक्या एकेकट्या राहणाऱ्या माश्या त्या दांड्याच्या आतला गाभा कोरून घर करतात, एकामागे एक खोल्या, प्रत्येक खोलीत परागाचा गोळा आणि त्यावर एक अंडं. मी एक जुना खुंट चिरून बघितला होता, आत भुशाच्या पातळ भिंती होत्या, सात खोल्या. त्यानंतर मला दांडा फेकवत नाही.

ग्रँडरॅपिडकरीण | १८ मार्च, दुपारी १२.४०

सात खोल्या! मी दरवर्षी सगळे दांडे यार्ड वेस्टच्या पिशवीत भरून दिले. फार वाईट वाटतंय आता.

मिनेसोटावासी | १८ मार्च, दुपारी १.१५

अहो ताई, वाईट वाटून घेऊ नका, मीही आधी तेच करायचो. यंदापासून कापलेले दांडे जुडी बांधून कुंपणाला टेकवून ठेवा, त्यातूनही माश्या निघतात.

ओंजळभर | २० मार्च, संध्याकाळी ६.१०

मी पुण्यातून, कोथरूडला टेरेस गार्डन आहे. फोटो बघून बी बामच्या प्रेमात पडले. ऑनलाइन बिया मिळतायत. लावू का? पुण्यात होईल?

केतकी_ऑस्टिन | २० मार्च, रात्री ८.३५

टेक्सासच्या अनुभवावरून सांगते. लाल मोनार्डा आमच्या उन्हाळ्यातच टिकत नाही, तिला थंडीतली झोप लागते आणि गार रात्री लागतात. पुण्यात त्यात चार महिने पावसाळा, मुळं कुजतील. इथे रानात उगवते ती लेमन बी बाम, मोनार्डा सिट्रिओडोरा, ती एकवर्षी आहे. शरद ऋतूत रुजते, थंडीभर बारीक राहते आणि मेमध्ये हायवेच्या कडेला गुलाबी-जांभळे मजल्यांचे मनोरे उभे राहतात, आमच्याकडे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. लावायचीच असेल तर हिचं बी ऑक्टोबर सरताना लावून बघा, वरच पसरा, मातीत पुरू नका, उजेड लागतो त्याला. पण खरं सांगू का, हे मन भरण्यापुरतं.

तुंबाफूल | २० मार्च, रात्री १०.०२

ओंजळभर, मी तळेगावची, अगदी मनापासून लिहितेय, रागावू नका. बी बाम अमेरिकेत एवढी मौल्यवान आहे कारण ती तिथली आहे, तिथल्या माश्यांची जीभ आणि त्या फुलाची नळी हजारो वर्षं एकमेकांना ओळखतात. आपल्याकडे त्याच कुळातलं किती आहे बघा ना. तुळशीला मंजिऱ्या आल्या की आपण लगेच खुडतो, एका कुंडीतल्या खुडू नका, सकाळी नऊला बघा, सातेरी आणि फुलोरी मधमाश्या येतात, आणि निळ्या पट्ट्यांची एक गरगरीत माशी येते, ती एका जागी थांबतच नाही. पानओवा लावा. तुंबा, काही भागात त्याला कुंभा म्हणतात, श्रावणात माळरानावर पांढरा फुलतो आणि महादेवाला वाहतात, त्याचं बी कुंडीत टाकलं तरी येतं. दीपमाळ तर अगदी त्या टेक्सासच्या मजल्यांच्या फुलासारखी, गोल गोल काटेरी गेंद एकावर एक आणि त्यातून नारिंगी नळ्या, ती मूळची आफ्रिकेतली पण कधीची आपल्या माळावर रुळलीय, आणि तिच्यावर शिंजीर हमखास येतो. हमिंगबर्ड आपल्याकडे नाही पण शिंजीर आहे की! जागा असेल तर धायटी लावा, फेब्रुवारीत लाल होते आणि पक्षी हलत नाहीत तिथून.

आणि पुण्यातच मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, १९६२ पासून. सातेरी पेटीत ठेवायची माशी, तिच्याबद्दल शिकायचं असेल तर तिथे जाऊन चौकशी करा.

ओंजळभर | २१ मार्च, सकाळी ९.१५

रागावू कशाला ताई, उलट तुमचं वाचून आज सकाळी तुळशीच्या मंजिऱ्या खुडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. दीपमाळेचं बी कुठे मिळालं तर सांगा.

रारिटनकाठी | ११ मे, रात्री ९.५०

अंगणवेल, तुमच्याच भागात आहे. धागा वाचून यंदा बारा रोपं लावली, पण एक प्रॉब्लेम आहे. शेजाऱ्यांनी डासांच्या फवारणीचं कंत्राट दिलंय, दर तीन आठवड्यांनी माणूस पाठीवर पंप घेऊन येतो आणि कुंपणालगतच्या सगळ्या झुडपांवर धुकं सोडतो, ते आमच्याकडे येतं. परवाच्या फवारणीनंतर माझ्या पेनस्टेमॉनखाली चार मोठे भुंगे उताणे पडलेले होते, एक अजून पाय हलवत होता. मुलीने तो पानावर उचलून सावलीत ठेवला. तास दीड तास बसली होती शेजारी. काय करावं?

अंगणवेल | ११ मे, रात्री १०.४५

वाचून पोटात गलबललं. आमच्या पाठीमागे राहणाऱ्या शेजाऱ्यांकडे हेच होतं. फवाऱ्यात बहुतेक पायरेथ्रॉइड असतं, त्याला डास आणि भुंगा यातला फरक कळत नाही, ज्याच्या अंगावर पडलं तो गेला. आम्ही भांडलो नाही. जुलैत बी बाम फुललेली असताना त्यांच्या मुलांना बोलावलं, बाग दाखवली, हमिंगबर्ड आला तेव्हा सगळे तिथेच उभे होते. मग बोलले की डास होतात ते साठलेल्या पाण्यात, तुमच्या गटर्समध्ये आणि त्या निळ्या ताडपत्रीवर पाणी राहतंय, ते काढू आणि ज्या पाण्याला इलाज नाही त्यात बीटीआयची वडी टाकू, ती डासांच्या अळ्यांना मारते, माश्यांना काही करत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी कंत्राट घेतलं नाही. तुमचे शेजारी ऐकतील न ऐकतील, पण फवारणीचा दिवस आधी विचारून ठेवा आणि निदान फुललेल्या झाडांपासून लांब, वारा पडल्यावर संध्याकाळी उशिरा करायला सांगा.

रोपं घेतानाही विचारत जा की निओनिक (निओनिकोटिनॉइड प्रकारचं कीटकनाशक) मारलंय का. न्यू जर्सीत जानेवारी २०२२ ला कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२३ संपल्यापासून घरच्या बागेत बाहेर ते वापरायला बंदी आहे, काही अपवाद सोडून. पण दुकानातलं रोप कुठल्या राज्यातून ट्रकमध्ये बसून आलंय ते तुम्हाला माहीत नसतं. ते औषध झाडाच्या आत भिनतं, परागात आणि मधात उतरतं. लहान नेटिव्ह नर्सऱ्या सरळ उत्तर देतात.

रारिटनकाठी | १२ मे, सकाळी ७.०५

खूप आभार. आज संध्याकाळी जाऊन बोलते. बागेचं बोलावणं करायला आमच्याकडे अजून फुलं नाहीत, म्हणून करंज्या घेऊन जाते.

केतकी_ऑस्टिन | २४ मे, दुपारी ३.२०

थंड भागातल्यांसाठी आठवण, मे संपताना बी बामचे पुढच्या ओळीतले दांडे निम्मे कापा. मागचे वेळेवर फुलतात, पुढचे दोन-तीन आठवडे उशिरा, बुटके राहतात आणि वादळात लोळत नाहीत. फुलांचा काळही लांबतो.

अंगणवेल | १४ जुलै, दुपारी २.१०

अपडेट द्यायला खूप उशीर झाला, कारण आई आलीय साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आणि सगळा वेळ तिच्यासोबत बागेत जातोय.

निफाडकर दादा, मेच्या पहिल्या आठवड्यात मधले फुटवे कापले, अगदी तिसरा हिस्सा. पाणी रोज थोडं थोडं न देता आठवड्यातून दोनदा मुळाशी भरपूर, पानांवर नाही. आज १४ जुलै, जेकब क्लाइनवर एकही पांढरा ठिपका नाही. रानटीच्या खालच्या चारपाच पानांवर थोडी भुरी आहे, ती खुडून कचऱ्यात टाकली, बाकी तिला काही फरक पडत नाही आणि आता मलाही पडत नाही. माझी जुनी लाल यंदाही पांढरी व्हायला लागलीय. तिच्या पुढे मी माउंटन मिंट आणि एकिनेशिया लावलेत, खालचे उघडे दांडे त्यांच्यामागे झाकले जातात. उपटणार नाही, पहिलं झाड आहे ते.

आता जे सांगायला आले ते. काल सकाळी सातला आई खुर्ची घेऊन बी बामसमोर बसली, मी चहा घेऊन खाली गवतावर. एक फूल नीट बघितलं आम्ही, म्हणजे फूल म्हणतो तो चाळीस-पन्नास नळ्यांचा गेंद असतो, आणि तो मधून बाहेर उमलत जातो, आधी मधल्या नळ्या, मग रोज एक एक कडं बाहेर, म्हणून दोन आठवडे चालतो. एक मोठा भुंगा आला. रानटी जांभळीवर बसला, पुढच्या पायांनी खालची पाकळी धरली, जीभ नळीत घातली, आणि वरच्या पाकळीतून बाहेर आलेले केसर बरोब्बर त्याच्या डोक्यावर टेकले. वर आला तेव्हा कपाळावर पिवळी पूड. आई म्हणाली, "अगं हा तर बुक्का लावून आलाय की!" मग बुक्का काळा असतो म्हणून स्वतःच म्हणाली, "नाही, भंडारा. जेजुरीहून आलाय." आणि तो पुढच्या फुलावर गेला, तिथे केसर सुकून बाजूला झालेले आणि मादीचा दोरा बाहेर आलेला, तोच दोरा त्या भंडाऱ्याच्या कपाळाला घासला. फुलाचे नर भाग आधी पिकतात, मादी भाग नंतर, हे मी वाचलेलं होतं पण दोन फुटांवरून घडताना पहिल्यांदा बघितलं.

आणि त्याच वेळी मागे घर्रर्र असा आवाज. हमिंगबर्ड. लाल गेंदाच्या पुढे हवेत थांबला, गळा माणकासारखा चमकला, एक एक नळी करत पूर्ण कडं संपवलं आणि गेला. आमच्या पूर्व किनाऱ्यावर घरटी करणारी ही एकच जात, वजन तीन ग्रॅम, आणि शरदात हा जीव दक्षिणेला जाताना मेक्सिकोचं आखात ओलांडतो. आईने विचारलं, "एवढासा? आणि समुद्रावरून?" दिवसभर तेच बोलत होती, रात्री फोनवर मावशीला पण तेच सांगितलं.

संध्याकाळी तिने बी बामच्या कोवळ्या पानांची भजी केली, पानओव्याच्या भज्यांसारखी. ओव्याहून थोडी तिखट लागतात, बेसनात ओवा घालायची गरज नाही. जरा कमीच खा म्हणजे झालं, आणि गरोदर बायकांनी याचा काढा वगैरे घेऊ नये.

निफाडकर | १४ जुलै, रात्री १०.३३

ताई, वाचून बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा. भंडाऱ्याचं आमच्या घरच्यांनाही सांगितलं. आमच्या बांधावर तुंबा खूप आहे, तणनाशक मारताना आजवर कधी बघितलं नव्हतं, यंदा बांध सोडलाय.

तुंबाफूल | १५ जुलै, सकाळी ६.४०

निफाडकर, बांध सोडलात हे वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. खरंच.

ओंजळभर | १५ जुलै, सकाळी ११.२०

दीपमाळेची तीन रोपं टेरेसवर वीतभर झालीत! पाऊस चांगला आहे. तुळशीवर ती निळ्या पट्ट्यांची माशी आली, फोटो हलला पण आली.

रारिटनकाठी | २ ऑगस्ट, रात्री ९.१२

शेजारच्या काकूंनी फवारणी थांबवली नाही पण कुंपणाची आमच्याकडची बाजू सोडायला सांगितली आहे. मुलगी रोज भुंगे मोजते, वहीत लिहिते. काल एकोणीस.

एक विचारायचंय, ऑगस्टच्या शेवटी बी बाम संपेल, मग काय? भुंगे जातील का?

मिनेसोटावासी | २ ऑगस्ट, रात्री ११.००

सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी गोल्डनरॉड आणि ॲस्टर लावाच. भुंग्यांच्या नव्या राण्या थंडीभर जमिनीत एकट्या झोपतात, त्याआधी त्यांना पोट भरून घ्यायचं असतं, तेव्हा फुलं नसतील तर पुढच्या वर्षी वसाहतच नाही. गोल्डनरॉडने शिंका येतात हा गैरसमज आहे, शिंका येतात त्या त्याच वेळी फुलणाऱ्या रॅगवीडच्या परागाने, गोल्डनरॉडचा पराग जड आणि चिकट, तो वाऱ्यावर उडत नाही. आणि वसंताच्या बाजूला तुमच्याकडे पेनस्टेमॉन आहेच.

अंगणवेल | ९ एप्रिल, रात्री ९.२५

धागा वर काढतेय. या शनिवारी जुनी लाल सोडून बाकी दोन्ही गड्डे उपटून वाटणार आहे. जेकब क्लाइनचे साधारण पंधरा आणि रानटीचे वीसेक तुकडे निघतील. सेंट्रल जर्सीतल्या कुणालाही हवे असतील तर मेसेज करा, पैसे नकोत.

एक मात्र, माती देणार नाही. आमच्या गल्लीत उड्या मारणारी गांडुळं आलीत, आशियातली, हात लावला की सापासारखी वळवळतात. आपण लहानपणापासून गांडूळ शेतकऱ्याचा मित्र हेच ऐकलंय त्यामुळे पटायला वेळ लागतो, पण ही वरचा सगळा पालापाचोळा खाऊन माती कॉफीच्या चोथ्यासारखी सुटी करून टाकतात, आणि यांची अंडी मातीच्या ढेकळातून एका घरातून दुसऱ्या घरी जातात. म्हणून मुळं बादलीत तीनदा धुऊन, ओल्या कागदात गुंडाळून देईन. घरी नेलं की त्याच दिवशी लावा.

रारिटनकाठी | ९ एप्रिल, रात्री ९.५८

मला रानटीचे पाच हवेत. दोन आम्हाला, तीन शेजारच्या काकूंना, त्यांनीच विचारलंय. मुलगी वही घेऊन येणार आहे, तुमच्याकडे खुंटात किती भोकं आहेत ती मोजायची आहेत तिला.

अंगणवेल | ९ एप्रिल, रात्री १०.०४

सकाळी दहाला या. खुंट अजून कापलेले नाहीत.